कापलेले बूट

२४ ऑक्टोबर १९४४

या गावात प्रत्येक घराच्या दाराशीच शेणाचा ढीग आहे. ज्याचा ढीग मोठा तो गावातला मोठा माणूस. फ्रान्सच्या लोरेन प्रांतातली ही रीत मला कोणी समजावून सांगू नये, मला वास येतो. आमच्या कंपनीचं कोठार एका गोठ्यात थाटलंय आणि मी, सार्जंट मेरिल व्हँडेव्हीर, बूट, मोजे, कांबळी, कपडे यांचा सांभाळणारा, गाईंच्या जागेवर बसून हे लिहितोय. डायरी लिहायला बंदी आहे. घाणीबद्दल लिहिलेलं शत्रूच्या हाती लागलं तर तो नाक दाबण्याखेरीज काय करणार?

दीड दिवसात एकशे बत्तीस जणांना नवे बूट दिले. सैन्याची बूट देण्याची पद्धत अशी: माणसाने जाड लोकरी मोज्यांचे दोन जोड घालायचे, उभं राहायचं आणि दोन्ही हातांत वाळूने भरलेली एकेक बादली धरायची. ओझ्याखाली पाऊल पसरलं की मग माप घ्यायचं. ज्याने हे शोधून काढलं त्याने जन्मात बुटांचा एक जोड विकलेला नसणार. मी अमेरिकेत, पिओरियाला, चौदा वर्षं बूट विकले आहेत. पोरांना काडतुसांच्या पेटीवर बसवलं, पायात साधे सुती मोजे (लोकरीचे गठ्ठे अजून फोडायचेत), टाच धरली, अंगठा चाचपला, झालं. बूट पायावर नीट बसलाच पाहिजे. शेतातून आलेल्या या पोरांना बूट म्हणजे पोतं वाटतं, आत पाय टाकला की बास.

कटकट केली ती एकट्या हॉग्लंडने. एमिल हॉग्लंड, वय सदतीस, मिनेसोटाचा पोस्टमन.

"सार्जंट, मला एक नंबर मोठा द्या. साडेदहा."

"तुझा पाय साडेनऊ आहे."

"सकाळी असतो. सतरा वर्षं टपाल वाटलंय, रोज अकरा मैल. संध्याकाळचा पाय वेगळा असतो."

"मग संध्याकाळी ये," मी म्हणालो. रांगेतले सगळे हसले. तोही हसला आणि साडेनऊचा जोड घेऊन गेला. असली गिऱ्हाइकं दुकानात रोज यायची. आपल्या पायाबद्दल आपल्याला फार कळतं असं प्रत्येकाला वाटतं.

५ नोव्हेंबर

चार दिवस पाऊस. बुटांवरून घालायचे रबरी बूट मी सप्टेंबरपासून मागतोय. आज स्वतः मागच्या डेपोत गेलो. तिथला कारकून म्हणाला, "नाहीत. बंदरावर अडकलेत." हे सांगताना त्याच्या स्वतःच्या पायात रबरी बूट होते, नवेकोरे, फरशीवर कुईकुई वाजणारे. बाहेर उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या पायात होते. टपाल छाटणाऱ्याच्याही पायात होते. खंदकात बसणाऱ्यासाठी निघालेली वस्तू वाटेत प्रत्येक जण थोडी थोडी घालून बघतो, आणि पुढे पोचतं ते फक्त पावतीचं पुस्तक. मला त्या फरशीवर थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही, त्या कारकुनाकडून अजून कांबळी घ्यायची आहेत.

१० नोव्हेंबर

परवा हल्ला सुरू झाला. नदी फुगून शेतात शिरलीये आणि आपली कंपनी तिच्यातून चालत पलीकडे गेली. आता टेकडीच्या उतारावर खड्डे खणून बसलेत. खड्ड्यात घोटाभर पाणी.

रेजिमेंटचा हुकूम आहे: रोज संध्याकाळी जेवणाबरोबर प्रत्येकाला कोरड्या मोज्यांचा एक जोड पाठवायचा आणि ओला परत आणायचा. म्हणजे सूप आणि मोजे एकाच जीपमधून. काल परत आलेलं पोतं मी उघडलं आणि बाहेर जाऊन ओकलो. माझा मदतनीस कॉर्पोरल कार्डिलो न्यू जर्सीचा न्हावी आहे, त्याच्या जिभेला हाड नाही. म्हणाला, "अरे व्हॅन, चौदा वर्षं बायकांच्या पायांशी बसलास, तेव्हा नाही ओकलास?"

मी त्याला सगळे मोजे उकळायला बसवलं.

१२ नोव्हेंबर

आज पोतं उघडलं तर अर्धेअधिक मोजे कोरडे. जसे पाठवले तसेच, घडीसुद्धा मोडलेली नाही. आम्ही चुलीशी डोळे फोडून मोजे सुकवतो आणि या महाशयांना पायातले बूट काढायचा कंटाळा! चिखलात लोळायचं, पाय धुवायचे नाहीत, मोजे बदलायचे नाहीत, आणि मग पाय दुखतात म्हणून डॉक्टरकडे जायचं. म्हणजे पांढरी चादर, गरम कॉफी.

जीप घेऊन जाणाऱ्याने सांगितलं, बूट काढले तर परत चढत नाहीत असं पोरं म्हणतात. काय एकेक सबबी! मी कॅप्टनसाहेबांना लेखी कळवलं की मोजे पोचतात, वापरले जात नाहीत.

१४ नोव्हेंबर

प्रथमोपचार ठाण्यावर गेलो होतो. तिथे येणाऱ्यांचे बूट आणि बंदुका परत आणणं माझं काम. शाळेच्या वर्गात जमिनीवर एका ओळीत आमचे तेवीस जण पडले होते, सगळ्यांचे पाय उघडे. डॉक्टर लेव्हिट त्याला ट्रेंच फूट म्हणतात, खंदकातल्या ओलीने पाय सडणं. नाव काहीही द्या. पाऊल पांढरं, फुगलेलं, वर निळे डाग. काहींची बोटं काळी. वास गोड होता. हे मला अपेक्षित नव्हतं आणि त्यानेच जास्त शिसारी आली. एक जण चादरीचा स्पर्श झाला तरी ओरडत होता.

कोपऱ्यात हॉग्लंड होता. मला पाहून त्याने मान हलवली. मी हलवली नाही. त्याच्या उशाशी त्याचे बूट होते आणि दोन्ही बूट पुढच्या बाजूने चाकूने कापलेले! अंगठ्यापासून थेट बंदांपर्यंत. वीस दिवसांचे बूट. मी ते उचलले आणि निघून आलो. थांबलो असतो तर आजाऱ्याला मारल्याचा आरोप आला असता.

१५ नोव्हेंबर

कॅप्टन ॲशक्राफ्टनी बोलावलं. चार दिवस झोपलेले दिसत नाहीत. टेबलावर कर्नलसाहेबांचा हुकूम होता: पाय सडणं हा यापुढे आजार नव्हे, शिस्तभंग. ज्या कंपनीत जास्त पाय सडतील तिचा कॅप्टन बदलला जाईल. आणि प्रत्येक कंपनीने एकाला तरी लष्करी कोर्टापुढे उभं करून बाकीच्यांना धडा द्यावा.

"हॉग्लंड," कॅप्टन म्हणाले. "त्याने बूट कापलेत. पुरावा हातात आहे. लढाईतून सुटायचं म्हणून सरकारी बूट कापले, पाय भिजवले. तुझा जबाब हवा. बूट-मोजे नियमाप्रमाणे, योग्य मापाचे दिले होते, एवढंच."

मी तिथल्या तिथे सही केली. नियमाप्रमाणे म्हणजे बादल्या वगैरे झाल्या नव्हत्या, पण माप योग्य होतं हे मी बायबलवर हात ठेवून सांगेन. सही करताना बरंसुद्धा वाटलं, हे लिहून ठेवतो.

कार्डिलोला सांगितलं तर त्याने थट्टा केली नाही. हे त्याच्या बाबतीत क्वचित होतं. मग म्हणाला, "कागदावर 'स्वतःच्या हलगर्जीपणामुळे' असं पडलं की त्याला पेन्शन नाही. कोर्टाने ठपका ठेवून काढलं तर पोस्टसुद्धा परत घेणार नाही. चार मुलं आहेत त्याला, माहितीये?"

"मग बूट कापायच्या आधी मोजायची होती," मी म्हणालो.

१७ नोव्हेंबर

खटल्यापर्यंत हॉग्लंडचे बूट पुरावा म्हणून माझ्या ताब्यात आहेत. त्यांना चिठ्ठी बांधली. चिठ्ठी बांधताना सवयीने आत हात घातला. दुकानात बूट परत आला की पहिलं काम तेच, आतला तळ चाचपायचा. घातलेल्या बुटात बोटांचे पाच खळगे पडतात, त्यावरून सगळं कळतं.

इथे अंगठ्याचा खळगा तळावर नाहीच. तो पुढच्या भिंतीवर चढलाय. करंगळीने बाजूचं कातडं आतून झिजवलंय. दुकानात असा बूट आला असता तर मी काही न बोलता बदलून दिला असता आणि विकणाऱ्या पोराचा कान पिळला असता.

पण पाण्यात पाय सुजतोच. सुजल्यावर कुठलाही बूट लहानच होणार. त्यात विकणाऱ्याचा काय दोष?

चिठ्ठीवर नंबर लिहिला: साडेनऊ.

१८ नोव्हेंबर

झोप नाही. सकाळी कार्डिलोला म्हटलं, लोकरी मोज्यांचे दोन जोड घाल आणि उभा राहा.

"लग्नाचं माप घेतोयस की काय?"

दोन बादल्यांत ओली वाळू भरून त्याच्या हातात दिल्या. ऑक्टोबरात मीच त्याला नऊ नंबर दिला होता. तो कोठारात बसून असतो, त्याला कधी टोचला नाही. पट्टीवर पाऊल ठेवलं. पाऊल माझ्या डोळ्यांदेखत पसरलं. दहा. नीट पाहिलं तर दहाच्याही किंचित पुढे.

मग त्याने माझं माप घेतलं. माझे तर दीड नंबर वाढले.

"व्हॅन," कार्डिलो बादल्या खाली ठेवत म्हणाला, "सगळ्यांनाच?"

मी बाहेर शेणाच्या ढिगाजवळ जाऊन उभा राहिलो. आज वास आला नाही.

१९ नोव्हेंबर

हॉग्लंडला मागच्या इस्पितळात हलवलंय. गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण त्याला पाहून सगळं विसरलो. पावलांना चादर लागू नये म्हणून वेताची कमान ठेवली होती. खाली डोकावलो. दोन्ही पावलांचा पुढचा अर्धा भाग काळा आणि सुकलेला.

"बूट रोज काढले का नाहीस?" मी विचारलं. अजूनही आवाज कोठाराच्या सार्जंटचाच निघाला, त्याची मला लाज वाटते.

"पहिल्या रात्री शेजारच्या तुकडीतल्या मॅकब्राइडने काढले होते. सकाळी पाय आत जाईना. जर्मनांचा मारा सुरू झाला, तो अनवाणी धावला. त्यानंतर कोणी काढले नाहीत."

"आणि मोजे?"

"दोन जोड आत मावत नव्हते, सार्जंट. एकच जेमतेम मावायचा. एक गळ्याला बांधला, बाकीचे परत पाठवले. मोजे चांगले होते, ऊबदार होते."

"बूट कापले ते..."

"कापायचंच होतं, पण उशीर झाला. आधी तुकडीतल्या पोरांचे कापले. नऊ जणांचे. वरून दोरीने बांधा म्हटलं आणि चाला. ते सगळे अजून तिथेच आहेत ना?"

आहेत. नऊच्या नऊ जण आघाडीवर आहेत, ते मला माझ्या वहीवरून माहीत होतं. बाकी तुकड्यांतले येऊन पडलेत.

"माझे शेवटी कापले. तोवर बोटांना काही कळेनासं झालं होतं."

"अरे, मग निरोप पाठवायचास. मला सांगायचं होतंस."

तो माझ्याकडे पाहत राहिला. रागाने नाही. पत्ता चुकलेल्या पाकिटाकडे पाहावं तसा.

"सांगितलं होतं," तो म्हणाला.

त्याने शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, इथे कॉफी चांगली मिळते, घेऊन जा. मी घेतली आणि बाहेर जाऊन ओतून टाकली. गेले तीन आठवडे मला ज्याची त्याची किळस येत होती, कारकुनाची, पोरांची, मोज्यांची. ती सगळी आज एकदम माझ्याकडे आली आणि ठेवायला जागा सापडेना.

२० नोव्हेंबर

नवा जबाब लिहून कॅप्टनना दिला. ते स्वतःचे पाय हेल्मेटमधल्या गरम पाण्यात सोडून बसले होते. सावकाश वाचला.

"तू असे किती जणांना दिलेस?"

"एकशे बत्तीस, साहेब."

"म्हणजे एकाला सोडवायला तू एकशे बत्तीस जणांचा गुन्हेगार व्हायला निघालास. आणि मी तुझा कॅप्टन, म्हणजे मीही. उद्या माझ्या जागी नवा येईल. त्याला ही टेकडी माहीत नाही, मुलं माहीत नाहीत. तो दोन दिवसांत तीस जणांचा बळी देईल. कर हिशेब."

"हॉग्लंडचं काय, साहेब?"

"मोठे बूट आहेत का तुझ्याकडे? आत्ता, कोठारात?"

"सात जोड."

"मग तुझ्या या कागदाने कोणाचा पाय वाचणार?" त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. "जा, झोप."

ते वाईट आहेत असं लिहायला हात धजत नाही. ते थकलेत आणि त्यांचा हिशेब चुकीचा नाही, हीच तर ओंगळ गोष्ट आहे.

२१ नोव्हेंबर

संध्याकाळच्या जीपमधून मी स्वतः वर गेलो. सात मोठे जोड, दोरीची गुंडाळी आणि चामडं कापायची सुरी बरोबर घेतली. खड्ड्याखड्ड्यातून रांगत गेलो. पाय पुढे करा म्हटलं आणि कापत सुटलो. अंगठ्यापासून बंदांपर्यंत, हॉग्लंडने कापले होते तसेच. चांगला कापला होता त्याने, कातडं पुढे फाटत जाणार नाही अशी दिशा बघून.

मॅकब्राइड म्हणाला, "वा, सार्जंट! बूट कापले म्हणून पोस्टमनला कोर्टात उभा करता, आणि आम्हाला घरपोच कापून देता?"

"पाय इकडे कर," मी म्हणालो.

"हे सरकारी बूट आहेत हो. जपून!" शेजारच्या खड्ड्यातून दुसरा ओरडला. सगळे हसले. मी ऐकून घेतलं.

एकूण अठ्ठावन्न जोड कापले. एका पोराचा पाय बुटातून सुटला तेव्हा तो रडायला लागला, दुखून नाही, बरं वाटून. मी त्याला गप्प बस म्हणून ओरडलो. प्रत्येक जोडापुढे वहीत लिहिलं: कापला, व्हँडेव्हीर.

२३ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगचा सण

वरून हुकूम होता की आघाडीवरच्या प्रत्येक सैनिकाच्या ताटात आज टर्की पडलीच पाहिजे, आणि पडली! समुद्रापलीकडून हजारो पक्षी बर्फात घालून आले, एकही बंदरावर अडकला नाही. क्रॅनबेरीचा मुरंबासुद्धा आला. रबरी बूट मात्र अजून समुद्रावरच आहेत.

दुपारी कॅप्टन स्वतः कोठारात आले. हातात ताट होतं, चेहरा मोकळा होता.

"सुटलास," म्हणाले. "हॉग्लंडवरचा खटला रद्द. सर्जनने काल दोन्ही पावलं पुढून कापली. वरचे म्हणतात, आता धडा देण्यात अर्थ नाही."

"आणि त्याच्या कागदावरचा शेरा?"

"कुठला शेरा?"

"स्वतःच्या हलगर्जीपणामुळे."

त्यांनी ताटाकडे पाहिलं. "तो राहणार. काही ना काही कारण लिहावंच लागतं. मी सांगतो ते ऐक. तुझा दुसरा जबाब मी पुढे पाठवलेला नाही आणि परवा तू वर काय कापाकापी केलीस तेही मी पाहिलेलं नाही. शनिवारी चाळीस नवे जवान येताहेत. त्यांना नीट बूट दे. तुझ्यासारखा बूट कळणारा माणूस मला दुसरा मिळणार नाही. समजलं?"

समजलं. मूग गिळून बसलो की कोठार माझं, सार्जंटच्या पट्ट्या माझ्या, गोठ्यातली चूलही माझीच. पोस्टमनला तेवढी पावलं नाहीत, पेन्शन नाही, आणि घरी जाऊन चार मुलांना सांगायचं की तुमच्या बापाने स्वतःच स्वतःचे पाय सडवले.

कार्डिलोला कोठार बघायला सांगितलं आणि चार मैल चालत इस्पितळात गेलो. हॉग्लंडची खाट रिकामी होती. सकाळच्या गाडीने त्याला किनाऱ्याकडे पाठवलं, तिथून इंग्लंड. माफी मागायला माणूसच नव्हता. एका परीने बरं झालं, त्याने मला पुन्हा कॉफी दिली असती.

प्रथमोपचार ठाण्यावरचे डॉक्टर लेव्हिट आता इथे होते, टेबलाशी टर्की खात. मी सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि हॉग्लंडच्या नोंदीची प्रत काढली. कारणाच्या रकान्यात तोच शेरा होता, खाली माझ्या पहिल्या जबाबाचा हवाला.

"तुझं म्हणणं मी याला जोडू शकतो," ते म्हणाले. "पेन्शनवाले ते वाचतील. पण ते आधी कर्नलकडून जाईल, आणि पुढच्या आठवड्यात तुला बोलावतील. खोट्या जबाबावर सही, सरकारी बुटांची नासधूस. पट्ट्या तर जातीलच. कदाचित तुरुंगही."

"कळलं."

"मग लिही. बादल्या, मोजे, डेपो, ती पुराणं नकोत. कोणी वाचत नाही. दोन ओळी लिही."

त्यांनी पेन दिलं. इतकी पानं मी या डायरीत लोकांची घाण काढली आणि तिथे मला शब्द सुचेनात. डॉक्टर थांबले होते, त्यांची टर्की गार होत होती.

मग लिहिलं: हॉग्लंडने मोठे बूट मागितले होते. ते माझ्याकडे होते. मी दिले नाहीत.

खाली सही केली.